बदललं तेवढंच

अंजना रणपिसे पासलीच्या उपकेंद्रात नर्स म्हणून रुजू झाली, तेव्हा आधीच्या बाईंनी तिच्या हातात किल्ली ठेवली आणि फडक्यात बांधलेली एक जाडजूड वही दिली. "औषधं संपली तर पुन्हा येतील," त्या म्हणाल्या, "ही गेली तर येणार नाही. जपा."

ती घरवार वही होती. आसपासच्या अठरा वाड्यांतलं एकेक घर तिच्यात एकेका पानावर होतं. घरात माणसं किती, कोण जन्मलं, कोण गेलं, कोणती लेक नांदायला गेली, कोण मुंबईला गिरणीत लागला, कुठल्या लेकराला कुठली सुई कधी टोचली. सहाशे अकरा घरं, सहाशे अकरा पानं.

उपकेंद्र म्हणजे ठकुबाईच्या घराची पडवी. ठकुबाई साठीची सुईण होती. त्या खोऱ्यातली निम्मी माणसं तिच्या हातावर जन्मलेली. पहिल्या वर्षी अंजनाला काही घरांत ओसरीवरच बसवत. पुढं त्याच घरांतल्या बाया तिला मनगटाला धरून बाळंतिणीच्या खोलीत न्यायला लागल्या, आणि त्यात ठकुबाईच्या तोंडाचा वाटा मोठा होता. "ती आत येनार नसंल तर म्या बी न्हाई येत," असं ती दारातच सांगायची.

अंजनाला सगळं आवडलं होतं. एक गोष्ट सोडून. दर चैत्रात वही घेऊन भोरच्या कचेरीत जायचं आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत तिची प्रत उतरवायची. अस्सल पासलीत, प्रत भोरला, असा नियम होता, आणि प्रत दरवर्षी नवी. कचेरीतले कारकून सर्जेराव कोंढाळकर वाचायचे आणि अंजना लिहायची. बावीस दिवस लागत. तिची आई भोरजवळच उत्रोलीत राहायची, तिला हे बावीस दिवस दिवाळीसारखे वाटत. अंजनाला मात्र बोटं सुजवून घेतल्यासारखं वाटायचं.

एकोणसत्तर सालच्या चैत्रात ती प्रत उतरवून परतली, तर ठकुबाई उंबऱ्यातच उभी होती.

"आलीस? वही उतरवून झाली का?"

"झाली, आत्या."

"तू तिकडं वही उतरवत बसलीस, आन् हितं लीलाबाईचं प्वार आडवं आलं हुतं. दोन दिस झुंजले म्या. वाचली दोघं, पर माझा जीव उतरला त्याचं काय?"

अंजनानं वही पडवीत ठेवली. हातपाय धुऊन ती लीलाबाईला बघून आली. मग परत येऊन वही उघडून बसली आणि एकेक पान उलटत मोजायला लागली. गेल्या वर्षभरात किती पानांवर काही बदललं? एकशे चौतीस. बाकीच्या चारशे सत्त्याहत्तर पानांवर एका अक्षराचाही फरक नव्हता. ती पानं तिनं गेल्या वर्षी उतरवली होती, तीच यंदा पुन्हा उतरवली होती.

पुढच्याच आठवड्यात ती भोरला गेली आणि सर्जेरावांच्या टेबलासमोर उभी राहिली.

सर्जेराव निवृत्तीला तीन-चार वर्षं उरलेले, विधुर गृहस्थ. अक्षर मोत्यासारखं, आणि त्या अक्षरासारखाच स्वभाव, रेघेबाहेर न जाणारा.

"भाऊसाहेब, यंदाची प्रत आहे ना, तीच आता कायमची. पुढच्या वर्षी नवी नको."

"म्हणजे? ती जुनी होणार की."

"होऊ द्यायची नाही. दर शनिवारी मी चिठ्ठी पाठवीन. त्या आठवड्यात बदललं तेवढंच त्यात. कुठलं पान, काय होतं, काय झालं. तुम्ही ते प्रतीत लावायचं. मग प्रत कधीच आठवड्याहून जास्त जुनी नसेल."

सर्जेरावांनी चष्मा काढला. "आणि चिठ्ठी हरवली तर?"

"म्हणून तर नंबर घालायचे. सोळानंतर एकदम अठरा आली, तर सतरा कुठं आहे ते तुम्ही विचारायचं. सतरा आल्याशिवाय अठरा लावायची नाही. आणि लावून झाली की मला उलट कळवायचं."

"पोरखेळ आहे," सर्जेराव म्हणाले. पण कचेरीतल्या डॉक्टरसाहेबांनी ऐकलं आणि "जमतंय तर करून बघा" म्हणाले, त्यामुळे त्यांचा नाइलाज झाला.

मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी पहिली चिठ्ठी निघाली. अंजना अडीच तास चालत वेल्ह्याला यायची आणि मेणकापडाच्या पिशवीतली चिठ्ठी पुण्याच्या एसटीच्या कंडक्टरकडे द्यायची. त्याचं नाव कुंडलिक. नसरापूरला तो ती भोरच्या गाडीवर चढवायचा, आणि भोरकडून आलेली पोच परत आणायचा. पोचेवर दोनच शब्द असत. '१ पोचली, लावली.' '२ पोचली, लावली.' महिन्याच्या शेवटी अंजनाच्या सांगण्यावरून आणखी एक आकडा: एकूण माणसं किती.

आषाढात रस्ता खचला आणि दोन शनिवार गाडी वेल्ह्याला आलीच नाही. तिसऱ्या शनिवारी अकरा, बारा आणि तेरा नंबरच्या चिठ्ठ्या एकाच पिशवीतून, ओल्या होऊन गेल्या. महिनाअखेर भोरहून आकडा आला तीन हजार एकशे त्र्याहत्तर. अंजनाच्या वहीत चौऱ्याहत्तर होती.

एक माणूस कमी.

तिनं वाडीवार आकडे मागवले. मग ज्या वाडीत फरक निघाला तिथले पानवार मागवले. तीन आठवड्यांनी सापडलं. पान अठ्ठ्याऐंशी. त्या घरची लेक साळू नवऱ्याबरोबर पुण्याला गेली, म्हणून बारा नंबरच्या चिठ्ठीत ती पानावरून कमी केली होती. आठच दिवसांत ती बाळंतपणाला माहेरी आली, म्हणून तेराव्या चिठ्ठीत परत वाढवली होती. सर्जेरावांनी ओल्या कागदांतला वर होता तो तेरावा आधी घेतला. बघतात तर साळू पानावर आहेच. मग वाढवायची कशाला? पुढं बारावा घेतला आणि तिला खोडली. साळू पासलीजवळ घरात बसून डिंकाचे लाडू खात होती आणि भोरच्या प्रतीत ती कुठंच नव्हती.

पुढच्या पोचेत नेहमीच्या दोन शब्दांखाली आणखी एक ओळ होती, मोत्यासारख्या अक्षरात: 'चूक माझी. यापुढे क्रम सोडणार नाही. साळूबाईंना काय झालं, मुलगा की मुलगी?'

अंजनाला हसू आलं. तिनं पुढच्या चिठ्ठीत लिहिलं: 'पान ८८. मुलगी. अधिक एक.'

पुढचा चैत्र आला आणि गेला. अंजना भोरला बावीस दिवस बसली नाही. त्या चैत्रात तिनं अकरा बाळंतपणं केली. ठकुबाई तिच्याबरोबर वाड्या-वाड्या चढत राहिली आणि दर घरात सांगत राहिली, "आमची बाई आता कागूद गाडीनं धाडती. सोता हितंच ऱ्हाती."

सत्तर सालच्या डिसेंबरात, भाताची झोडणी उरकून खळी मोकळी झाली होती, तेव्हा कचेरीतून निरोप आला. शुक्रवारी लस टोचणारं पथक येणार. घटसर्पाची आणि डांग्या खोकल्याची सुई, बर्फाच्या पेटीतून. एकच दिवस. ज्यांना पहिली सुई झाली त्यांना दुसरी, दुसरी झाली त्यांना तिसरी, नवी लेकरं वेगळी. देवीची लस दंडावर वण सोडते, कुणाला झाली ते दिसतं. या सुईचा अंगावर मागमूस राहत नाही. वहीत लिहिलेलं तेवढंच खरं.

रविवारी अंजना वरच्या वाडीत एका बाळंतिणीला बघायला गेली होती. दुपारी परत आली तर ठकुबाईच्या अंगणात पंचवीस-तीस माणसं उभी, आणि मधोमध ठकुबाई कपाळावर हात मारून घेत होती.

"काय झालं आत्या? कुणाला काय झालं?"

"चांदीनं खाल्ली गं पोरी! चांदीनं वही खाल्ली!"

चांदी म्हणजे ठकुबाईची म्हैस. गोठा आणि पडवी यांच्यामध्ये कारवीचा कूड होता. चांदीनं दावं तोडलं, कुडाला शिंगं लावली आणि पडवीत शिरली. टेबल आडवं झालं, वही खाली पडली. निम्मी पानं तिनं फस्त केली, उरलेली तुडवून शेणात कालवली. ठकुबाई आली तेव्हा चांदीच्या तोंडातून एक पान लोंबत होतं आणि त्यावर 'बाळाबाई, वय ४०' एवढं वाचता येत होतं.

"हिला इकून टाकते म्या आजच! खाटकाला देते!"

अंजना त्या शेणात बसून पानं वेचायला लागली. पहिल्यांदा तिला रडूच आलं. शुक्रवार पाच दिवसांवर होता. मग वेचता वेचता तिच्या लक्षात आलं, की आपण रडतोय ते सवयीनं. काल शनिवार होता. काल चौऱ्याऐंशी नंबरची चिठ्ठी गेली. आजच्या दोन नोंदी खांद्यावरच्या पिशवीतल्या टिपणवहीत आहेत. म्हणजे सगळं शाबूत आहे.

जर सर्जेरावांनी खरंच लावलं असेल तर.

हा विचार आला आणि ती पुन्हा गार पडली. वीस महिन्यांत तिनं ती प्रत डोळ्यांनी पाहिली नव्हती. 'पोचली, लावली.' लिहायला काय लागतं? साळूच्या वेळी तिनं पकडलं, कारण आकडा चुकला. नंतर आकडा नेहमी जुळत गेला. पण आकडा तर चिठ्ठीवरच्या अधिक-उण्यावरूनही जुळवता येतो. चिठ्ठ्या एखाद्या खणात तशाच पडून असल्या तर?

सोमवारी ती पहिल्या गाडीत बसली. कुंडलिकनं तिचं तोंड बघून तिकिटाआधी विचारलं, "बाई, आज चिठ्ठी न्हाई, तुमीच निघाला?"

"वही म्हशीनं खाल्ली."

कुंडलिकनं पंच खाली घेतला. "म्या चौऱ्याऐंशी चिठ्ठ्या न्हेल्यात, बाई. एकबी खाली पडू दिली न्हाई." मग गाडीभर ऐकू जाईल असं म्हणाला, "पुढं सरका, बाईस्नी बसाया जागा द्या!"

भोरच्या कचेरीत ती पोचली तेव्हा सर्जेराव डबा खात होते. तिनं उभ्या उभ्याच सांगितलं. त्यांनी डब्याचं झाकण लावलं, हात धुतले, आणि कमरेची किल्ली काढून लोखंडी कपाट उघडलं. वरच्याच फळीवर प्रत होती. जाड खाकी कागदाचं कव्हर, शिवून घेतलेलं. त्यांनी ती टेबलावर ठेवली आणि स्वतः बाजूला झाले.

अंजनानं मधूनच एक पान उघडलं. मूळ मजकूर काळ्या शाईत. खोडलेलं तांबड्या शाईनं, एकच सरळ रेघ, खालचं वाचता येईल अशी. नवं हिरव्या शाईत. आणि प्रत्येक बदलाशेजारी समासात बारीक आकडा: कितव्या चिठ्ठीनं झाला तो. तिनं दुसरं पान उघडलं, तिसरं उघडलं. सत्तेचाळीस, साठ, एकोणऐंशी. चिठ्ठ्या वेगळ्या दोऱ्यात ओवून ठेवलेल्या, एकपासून. सगळ्यात वरची चौऱ्याऐंशी.

"ही सकाळीच आली. आता जेवण झाल्यावर लावणार होतो," सर्जेराव ओशाळून म्हणाले.

अंजना मटकन खुर्चीत बसली आणि हसायला लागली. हसता हसता डोळे पुसायला लागली.

सर्जेरावांनी तिच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला. मग त्यांनी विचारलं, "पान चारशे बाराचं काय झालं? जुळ्यांतल्या धाकट्याचं वजन तुम्ही दोन आठवडे लिहिलंच नाहीत."

"वाढलं की! सव्वा पौंडानं. चौऱ्याऐंशीत आहे बघा."

"अरे वा." त्यांनी घाईनं ती चिठ्ठी दोऱ्यातून काढली. "आणि दोनशे सातचे सोनबा? खोकला होता."

तेव्हा अंजनाला कळलं. या माणसानं नसरापूरच्या पलीकडं पाऊल टाकलेलं नव्हतं. पण वीस महिने दर सोमवारी डबा खाऊन झाल्यावर तो तिच्या अठरा वाड्यांमधून फिरून येत होता.

चौऱ्याऐंशी लावून झाली. टिपणवहीतल्या दोन नोंदीही त्यांनी जागच्या जागी चढवल्या. अंजनानं प्रत उचलायला हात पुढं केला, तर सर्जेरावांनी त्यावर तळहात ठेवला.

"ही आता प्रत नाही, बाई. ही एकच आहे. एकटी कशी पाठवू?"

"मग?"

"मी येतो बरोबर. तिथं बसून दुसरी उतरवू, मग एक तुमच्याकडं, एक मी परत आणीन. दोन झाल्याशिवाय मी हिला मांडीवरून खाली ठेवणार नाही."

आणि खरंच, मंगळवारी भोरहून नसरापूर, नसरापूरहून वेल्हे आणि पुढं अडीच तासांची पायवाट, त्यांनी ती वही छातीशी धरून आणली. वाटेत अंजना दोनदा म्हणाली, "भाऊसाहेब, मी धरते जरा." त्यांनी दिली नाही.

पासलीत बातमी आधीच पोचली होती. बुधवारी सकाळी ठकुबाईनं अंगण सारवून घोंगड्या अंथरल्या. दोन्ही शाळामास्तर आले, एक पेन्शनीतला हवालदार आला, मुंबईहून झोडणीसाठी आलेले गिरणीवाले आले, उत्रोलीहून अंजनाचा मामा आला. अक्षर येणारी बारा माणसं जमली. सर्जेरावांनी वहीची शिवण सोडली, पन्नास-एक्कावन्न पानांचे गठ्ठे केले, प्रत्येकाकडून सही घेऊन गठ्ठा दिला. "जे दिसतं तेच लिहायचं. शहाणपण करायचं नाही," त्यांनी बजावलं.

आपलं पान कसं उतरतंय ते बघायला बाकीचं गाव आलं. एक बाई कडेवर पोर घेऊन सर्जेरावांपुढं उभी राहिली.

"मला वळखलं का भाऊसाएब?"

त्यांनी आधी तिच्याकडं पाहिलं, मग कडेवरच्या मुलीकडं. दीड वर्षाची असेल. "पान अठ्ठ्याऐंशी," ते म्हणाले. "साळूबाई."

"तुमी मला कागदावर मारलं हुतं व्हय!"

अंगण हसलं. सर्जेराव लाल झाले आणि त्यांनी दोन्ही हात जोडले. साळूनं पोरगी सरळ त्यांच्या मांडीवर ठेवली. "ही त्याच पानावरची. धरा आता."

मग रांगच लागली. ते बघून माणूस सांगायचे, चुकायचे, पुन्हा सांगायचे. सोनबांना त्यांनी खोकल्यावरून ओळखलं. जुळी आली तेव्हा धाकटा कुठला ते कुणी सांगायच्या आत त्यांनी बोट दाखवलं, आणि ते बरोबर निघालं. "यास्नी कसं कळतं?" हवालदारानं विचारलं. ठकुबाई म्हणाली, "आरं, तू रोज बघतूस म्हनून तुला दिसत न्हाई. त्येनला निस्ता बदल कळत हुता, त्यो त्यास्नी पाठ हाय."

चांदी गोठ्यात बांधली होती, दोन दाव्यांनी. तिला विकायचा विषय कुणी काढला नाही.

गुरुवारी दुपारी चारच्या सुमारास शेवटचं पान उतरलं. सर्जेरावांनी जुन्या वहीची बेरीज केली, अंजनानं नव्या वहीची. दोघांनी एकमेकांना न दाखवता आकडे पाटीवर लिहिले आणि पाट्या फिरवल्या. तीन हजार दोनशे एकोणीस. तीन हजार दोनशे एकोणीस. मास्तरांनी टाळी वाजवली आणि मग सगळ्या अंगणानं वाजवली.

तेवढ्यात शेजारच्या घरातून ठकुबाई पदराला हात पुसत आली. ती मघाशी उठून गेली होती हे कुणाच्या लक्षातही नव्हतं.

"किती आलं?"

"तीन हजार दोनशे एकोणीस, आत्या."

"वीस करा," ठकुबाई म्हणाली. "अक्काबाईच्या सुनंला पोरगी झाली. मोप केस हाईत डोक्याला."

सर्जेरावांनी हिरव्या शाईचं पेन काढलं. आजवर त्यांनी चौऱ्याऐंशी चिठ्ठ्या लावल्या होत्या, एकही लिहिली नव्हती. त्यांनी कोरा कागद घेतला, वर ८५ लिहिलं आणि अंजनाकडं बघितलं. "पान कुठलं?"

"तीनशे चौसष्ट."

"जाऊन बघून आलो तर चालेल का? म्हणजे, डोळ्यांनी बघून लिहीन."

"चला," ठकुबाई म्हणाली. "पर पादत्रान भायेर काढा."

शुक्रवारी पथक आलं. यादी तयार होती, वाडीवार, नाववार, कितवी सुई ते लिहून. एकशे सात लेकरांपैकी एकशे सात आली. पथकातले डॉक्टर म्हणाले, इतक्या डोंगरात एवढी सरळ यादी कुठं मिळत नाही. सर्जेराव शेजारी उभे राहून रडणाऱ्या पोरांच्या हातात शेंगदाणे ठेवत होते आणि हातातल्या यादीवर खुणा करत होते.

शनिवारी त्यांना निघायचं होतं, पण गावानं सोडलं नाही. नव्या आंबेमोहराचा भात प्रत्येक घरी शिजला होता आणि प्रत्येक घराला त्यांनी आपल्याकडंच जेवावं असं वाटत होतं. रविवारीही तेच झालं. सोमवारी अंजनानं त्यांना वेल्ह्याच्या स्टॅंडवर आणून गाडीत बसवलं. मांडीवर त्यांची वही, नवी शिवलेली, आणि पायाशी तांदळाची दोन गाठोडी. कुंडलिकनं त्यांना खिडकीची जागा दिली.

पुढच्या शनिवारी भोरहून पोच आली ती नेहमीपेक्षा लांब होती. अंजनानं ती स्टॅंडवरच उभी राहून वाचली, आणि कुंडलिक हसत तिच्याकडं बघत होता. नसरापूरला त्यानं भाऊसाहेबांना दोन हाका मारल्या होत्या, पण ते वहीला कवटाळून इतके गाढ झोपले होते, की तिसरी मारायचं त्याच्या जिवावर आलं. जाग आली ती थेट पुण्यात. दोन वह्या आहेत, आता घाबरायचं काय, असं म्हणून त्यांनी स्टॅंडवर आधी भजी खाल्ली, मग चहा घेतला, आणि दुपारच्या गाडीनं भोरला गेले.

पोचेत लिहिलं होतं: '८५ पोचली, लावली. मार्गे स्वारगेट.'